'मार खाणारा चांगला पाहिजे': जुन्या कुंग फू विनोदपटांबद्दल एका संकलकाचं उत्तर

विचारणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा बारा वर्षांचा, सुपरहिरोंचे सगळे सिनेमे तोंडपाठ. रविवारी घरात सहज 1978चा 'ड्रंकन मास्टर' लावला. डबिंग ओठांशी जुळत नाही, रंग उडालेले, गोष्ट म्हणावी तर नावालाच. तरी पोरगं हसून हसून सोफ्यावरून खाली आलं. या जुन्या कुंग फू विनोदपटांत खरंच काही आहे, की बाप आपलं लहानपण आठवून हसतोय आणि बापाला बघून मुलगा हसतोय? आणि असे सिनेमे आता का निघत नाहीत?

मुलगा तुमच्या आठवणींवर हसत नाहीये, एवढं आधी सांगतो. तो पडद्यावर जे दिसतंय त्याला हसतोय. हल्लीच्या मारामारीत फारसं काही दिसतच नाही, म्हणून त्याला हे नवीन वाटलं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण न दिसू देण्याचं काम मी स्वतः सत्तावीस वर्षं करतोय. मी संकलक आहे. मालिका, काही मराठी आणि हिंदी सिनेमे, आणि त्यांतल्या पुष्कळशा फाइट्स माझ्या टेबलावरून गेल्या आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मालिकेतली मारामारी माझ्याकडे आली. नायकाला हात उचलायची सवय नव्हती आणि फाइट मास्टरला सेटवर दोन तास मिळाले होते. शूट झालेलं सामान बघितलं तर नायकाची मूठ एका क्लोजअपमध्ये, गुंडाचं तोंड दुसऱ्याच क्लोजअपमध्ये, मधेच कोणीतरी टेबलावर पडतंय, आणि ते टेबल आधीच्या एकाही शॉटमध्ये नाही. मी 60 सेकंदांत 71 कट मारले, वर धाडधाड आवाज चढवले, दोन ठिकाणी चौकट हलवली. निर्माते खूश. "एकदम फास्ट झालंय!" फास्ट झालं होतं खरं. कुणी कुणाला मारलं हे मात्र मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मास्टरांचा फोन आला. कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला माणूस. म्हणाले, "साहेब, मारणारा कसाही चालतोय. मार खाणारा चांगला पाहिजे. माझी पोरं इतकी झकास पडली, आणि तुम्ही ती कापून टाकली."

ते वाक्य डोक्यात घेऊन मी हाँगकाँगचे जुने सिनेमे पुन्हा पाहायला बसलो, तेही टेबलावर, एकेक फ्रेम पुढे सरकवत.

तिथे मार खाणारा दिसतो. कॅमेरा मागे असतो, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत एकाच चौकटीत. ठोसा निघतो, पोचतो, समोरचा कोलमडतो, मागच्या बाकावर आदळतो, बाक उलटतं आणि बाकावर बसलेला तिसराच माणूस वाडग्यासकट खाली येतो. हे सगळं एका शॉटमध्ये, फार तर दोन. आता विनोदाला काय लागतं ते बघा. केळीच्या सालीवरून कुणी घसरलं तर हसू येण्यासाठी साल, पाय आणि माणूस एकाच वेळी डोळ्यांसमोर पाहिजेत. साल एका क्लोजअपमध्ये दाखवली आणि पडलेला माणूस पुढच्या, तर ती घटना कळते, हसू येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की या सिनेमांत विनोद कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरलेला नाही. मारामारी आणि विनोद एकाच कणकेचे आहेत. ज्याला एक जमलं त्याला दुसरं अर्धं जमलेलंच असतं.

आता यात फसवणूक नाही असं समजू नका. भरपूर आहे. फाइट शूट करताना कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 22 किंवा त्याहून थोड्या कमी फ्रेम्सवर चालवायचे. 22वर घेतलेलं 24वर दाखवलं की हालचाल साधारण 9 टक्के वेगवान होते. डोळ्याला ते खोटं वाटत नाही, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. कपड्यांवर पांढरी पूड मारलेली असते, म्हणजे फटका बसला की धुरळा उडतो आणि फटक्याला वजन येतं. आणि एक माझ्या धंद्यातली गोष्ट. लाथ लागण्याच्या क्षणी कट असेल तर पुढच्या कोनातून दोन-तीन फ्रेम्स मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. म्हणजे लाथ एकदा पोचते आणि फार तर एक अष्टमांश सेकंद पुन्हा पोचते. प्रेक्षकाला दोन लाथा दिसत नाहीत, एकच जबरदस्त लाथ दिसते. आमच्याकडे मी शिकलो ते नेमकं उलटं: फटक्याच्या जागच्या फ्रेम्स उडवायच्या, कारण फटका लागलेलाच नसतो.

पण युक्त्या कुणालाही शिकता येतात. त्या सिनेमांचा ताल सहजी शिकता येत नाही, कारण तो नाटकातून आलाय.

'ड्रंकन मास्टर'चा नायक जॅकी चॅन आणि अशाच सिनेमांतले सामो हंग, युएन ब्याओ हे दोन नट, ही तिघं एकाच गुरूची पोरं. हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन नावाचे मास्तर पेकिंग ऑपेराची निवासी शाळा चालवायचे. आईबाप करारावर सही करून मूल ठेवून जायचे, जॅकीचा करार दहा वर्षांचा होता. कोलांट्या, हातांवर तासन्तास उभं राहणं, गाणं, काठ्या-तलवारी, आणि चुकलं की छडी. ऑपेरा म्हटल्यावर आपल्याला नुसतं गाणं वाटतं. पेकिंग ऑपेरात गाणं, अभिनय आणि लढाई एकत्र असते, आणि त्यात 'वू-चौ' नावाची एक ठरलेली भूमिका आहे: लढणारा विदूषक. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला टायमिंग असतं, हजरजबाबीपणा असतो, पण त्याला कुणी हवेत दोन कोलांट्या मारून टेबलाच्या काठावर बसायला सांगत नाही. वू-चौला सांगतात.

या परंपरेतला एक प्रवेश कुणालाही दाखवावा असा आहे. नाव 'सान-छा-खौ', म्हणजे तिठा. सरायीतली खोली, मध्यरात्र, मिट्ट काळोख, दोन माणसं एकमेकांना शोधत लढताहेत. आणि रंगमंचावर दिवे लख्ख! आपल्याला सगळं दिसतं, त्या दोघांना काही दिसत नाही. तलवार नाकासमोरून जाते आणि नाकाच्या मालकाला पत्ता नाही. यात भीती कुठे संपते आणि हसू कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. जॅकी-सामोच्या सिनेमांतले अर्धे प्रसंग या एका खोलीतून बाहेर पडलेत असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. ऑपेरात झटापटीच्या मधे नट एकदम पुतळ्यासारखा थिजतो, झांजा-ढोल त्याच क्षणी कडाडतात, प्रेक्षक दाद देतात, आणि पुन्हा सुरू. त्याला 'ल्यांग-श्यांग' म्हणतात. सिनेमात तेच आलं: पाच-सहा हातांची वेगवान देवघेव, मग क्षणभर दोघेही स्थिर, मग पुन्हा देवघेव. तबला ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. तिहाई समेवर आली की मान आपोआप हलते. समच नसेल तर नुसता दणदणाट. माझ्या 71 कटांत सम नव्हती. आणि विनोदाची जागा त्या थांब्यातच असते, कारण मार खाल्लेला माणूस 'हे काय झालं?' म्हणून बघतो तो तेव्हाच. थांबाच नसेल तर त्याने बघायचं कधी?

आता नायकाबद्दल. 20 जुलै 1973ला ब्रूस ली गेला. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये त्याचं पोस्टर होतं, उघडा, नखांचे ओरखडे उठलेला. ब्रूस ली रक्ताळायचा, पण हरेल असं कधी वाटायचं नाही. तो गेल्यावर हाँगकाँगने काही वर्षं त्याच्या नकला काढल्या. जॅकी चॅनलाही 1976मध्ये दुसरा ब्रूस ली म्हणून उभं केलं गेलं आणि तो चालला नाही. मग 1978मध्ये एका छोट्या कंपनीने त्याला दोन सिनेमांसाठी उसना घेतला. दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि दोन्हींत फाटक्या म्हाताऱ्या गुरूच्या कामाला दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिन. पहिल्यात ('स्नेक इन द ईगल्स शॅडो') नायक कुंग फू शाळेतला अनाथ पोऱ्या असतो. फरशी पुसायची आणि इतरांच्या सरावासाठी मार खायचा, एवढंच त्याचं काम. सुरुवातीलाच नायक हा मार खाणारा! आमच्या फाइट मास्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

'ड्रंकन मास्टर'मध्ये तर आणखी धाडस आहे. त्यातला वाँग फेई-हंग हा खरा माणूस, दक्षिण चीनचा वैद्य आणि कुंग फू गुरू, 1925मध्ये वारलेला. 1949पासून क्वान ताक-हिंग नावाच्या नटाने त्याची धीरगंभीर, नीतिमान मूर्ती सत्तरहून अधिक सिनेमांत उभी केली होती. त्या मूर्तीला या लोकांनी टवाळ, उनाड, हॉटेलात फुकट जेवून पळू बघणारं कार्टं केलं. शिवाजी मंदिरात एखाद्या संतनाटकाची गर्दी बसलेली असावी आणि पडदा उघडल्यावर संत विटीदांडू खेळताना दिसावेत, तसं काहीसं.

तुम्ही नुकताच पाहिलाय, तर तो एक प्रसंग पुन्हा लावा. नायकाला पायांनी उलटं टांगलंय. खाली जमिनीवर पाण्याची बादली, वर पायांशी दुसरी बादली. हातात चिमुकले पेले. खालून पाणी भरायचं, पोटाच्या जोरावर वर यायचं, वरच्या बादलीत ओतायचं, पुन्हा खाली. मल्लखांब केलेल्या कुणालाही ते बघून पोटात कळ येईल. प्रसंग हसवणारा आहे, पण आता त्याच्या हातांकडे बघा. तो छोटा पेला धरायला बोटं जशी वळतात, तशीच ती मद्यपी शैलीत, म्हणजे झिंगल्यासारखं डुलत, लढताना वळतात, अदृश्य पेला धरल्यासारखी. शेवटच्या लढाईत ती बोटं खलनायकाच्या गळ्याशी जातात तेव्हा आपल्याला कुणी समजावून सांगत नाही, पण शरीराला आठवतं: हे यानं कमावलंय. या शैलीतल्या, आठ देवतांच्या नावाच्या आठ पद्धतींपैकी आठवी, एका स्त्रीची, त्याने बायकी म्हणून शिकायचीच टाळलेली असते. ऐन वेळी तीच लागते. अभ्यास न केलेला धडाच परीक्षेत यावा, तसं. तुमचा मुलगा बहुतेक तिथेच सोफ्यावरून घसरला असणार.

हिशेब चोख असतो हे मला या सिनेमांत फार आवडतं. दुखलं तर दुखलेलं राहतं. 'द यंग मास्टर' (1980) मध्ये जॅकी शेवटी इतका वेळ मार खातो की पाहणाऱ्याला संकोच वाटू लागतो. जिंकतोही. पण शेवटच्या दृश्यात तो नखशिखांत पट्ट्यांत गुंडाळलेला दिसतो, हलतात ती फक्त बोटं. पुढे त्याने नावं येताना फसलेले शॉट्स दाखवायची पद्धत सुरू केली. कल्पना 1981च्या एका अमेरिकन विनोदपटातून उचललेली, पण तिकडे नट संवाद विसरून हसतात, इकडे माणूस खाली पडतो आणि चार जण धावत येतात. गंमत आणि दुखापत दोन्हींची पावती शेवटी हातात ठेवलेली.

'प्रोजेक्ट ए' (1983) मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडतो. 1923मध्ये मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉईड घड्याळाच्या काट्याला लोंबकळला होता, हा त्यालाच केलेला रामराम. लॉईड पडत नाही. जॅकी पडतो, दोन कनाती फाडत थेट जमिनीवर, आणि सिनेमा ते पडणं लगेच पुन्हा दाखवतो. माझ्या शिस्तीत ही घोडचूक आहे, एकच घटना दोनदा कशी? पण थिएटरात बसलेल्याला तेच हवं असतं. 'अरे खरंच पडला!' म्हणून तो शेजाऱ्याकडे वळतो, तेवढ्यात चुकलेलं त्याला पुन्हा मिळतं.

सगळं श्रेय जॅकीला जातं, ते जरा अन्यायाचं आहे. हाँगकाँगच्या विनोदी सिनेमाची गाडी 70च्या दशकात नट-दिग्दर्शक मायकल हुईने रुळावर आणली. त्याच्या 1976च्या 'द प्रायव्हेट आइज'मध्ये स्वयंपाकघरातली एक मारामारी आहे: एकाच्या हातात सॉसेजची माळ नानचाकूसारखी, दुसऱ्याकडे शार्कचा जबडा. ती बसवली सामो हंगने. हाताला लागेल ती वस्तू, शिडी, छत्री, सायकल, हे पुढे जॅकीचं वैशिष्ट्य झालं, त्याची मुळं अशा ठिकाणी आहेत. आणि दिग्दर्शक लाउ कार-लिउंगच्या 'डर्टी हो' (1979) मध्ये माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वांत देखणा प्रसंग आहे. छुप्या राजपुत्राला एक यजमान मद्य चाखायला बोलावतो. यजमान आणि नोकर मिळून त्याला मारायला बघताहेत, पण वरवर सगळं अदबीचं. पेला पुढे करताना मनगटावर वार, तो परतवताना 'वा, काय सुवास!', टेबलाखाली पायांची झुंज, वर मद्याच्या जातकुळीची चर्चा. कुणीही 'आपण लढतोय' हे कबूल करत नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतली भांडणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

खोट काढायची तर पुष्कळ आहे. गोष्टी ठिगळांच्या. बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा टिंगल, आणि बायकी पुरुषावर केलेले विनोद आज ऐकवत नाहीत. संगीत जिथून मिळेल तिथून उचललेलं: 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'त वेण्या घातलेली माणसं लढताना मागे फ्रान्सच्या ज्याँ-मिशेल जारचं सिंथेसायझर वाजतं! त्याच सिनेमात मांजर आणि नाग यांची खरी झुंज लावलीय, ती मी न बघता पळवतो, तुम्हीही पळवा.

डबिंगची तक्रार मात्र मला मान्य नाही. त्या काळी हे सिनेमे सेटवर आवाजाशिवायच शूट व्हायचे, आवाज सगळा नंतर चढायचा, मूळ भाषेतही. आणि आवाज नंतर टाकायचा असल्यामुळेच बाही झटकल्याचा 'फट्' हवा तिथे, हवा तेवढा वाजवता यायचा. आमच्या चाळीत 80च्या दशकात रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचे, वर्गणी काढून. एकदा कॅसेट लावली तर ती चिनीतच निघाली. पहिली दहा मिनिटं कुरबूर झाली. नंतर कुणीही भाषा विचारली नाही, आणि पहाटे परत करण्याआधी ती पुन्हा लावली.

आता का निघत नाहीत? पैसा, विमा, बदललेली आवड ही कारणं आहेतच. 90च्या दशकात हाँगकाँगचा धंदा ढासळला आणि 1997च्या आर्थिक संकटाने उरलासुरला कणा मोडला. पण खरं कारण मला अंगाचं वाटतं. तशी अंगं घडवणाऱ्या ऑपेराच्या शाळा जॅकीची पिढी बाहेर पडता पडता बंद होत गेल्या. सहा-सात वर्षांच्या पोराला छडीने मारून पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवणाऱ्या त्या शाळा परत याव्यात असं मी म्हणणार नाही. त्या सिनेमांची मजा घेताना ही एक टोचणी राहतेच, आणि राहावी. दुसरं म्हणजे वेळ. युएन वू-पिंगने 'द मेट्रिक्स'साठी हॉलिवूडच्या नटांना महिनोन्महिने तालीम दिली, तेव्हा 1999मध्ये ते तसं दिसलं. आमच्या मास्टरांना दोन तास मिळतात. तिसरं, तेच ते मार खाणारे. जॅकीची, सामोची स्वतःची स्टंटवाल्यांची टोळी होती, वर्षानुवर्षं एकत्र. कोण किती दूर उडतो, कोणाचा कोणता खांदा दुखतो, सगळं पाठ. अनोळखी माणसाच्या नाकापासून एक इंचावर लाथ थांबवायला कुणाची छाती होणार?

पुढे काय दाखवावं? 'प्रोजेक्ट ए' बिनधास्त लावा, गल्ल्यांतली सायकलची पळापळ मुलाला आवडेल. मग बार्सिलोनात शूट केलेला 'व्हील्स ऑन मील्स' (1984): तिघंही मित्र आहेत आणि समोर बेनी उर्किडेझ, खरा किकबॉक्सिंग विजेता. त्याची एक लाथ हवेत फिरते आणि मेणबत्त्या विझतात, तिथे शॉट थांबवून मागे-पुढे करून बघा, कट सापडतो का. सामोचा 'द प्रॉडिगल सन' (1981) या सगळ्यांहून सरस आहे, पण मधे कत्तलीचा प्रसंग येतो, म्हणून आधी तुम्ही एकटे बघा. 'पोलीस स्टोरी' (1985) शेवटी ठेवा. त्यात मॉलमध्ये इतक्या काचा फुटतात की नंतर दोन दिवस मुलगा घरात काय काय फोडता येईल ते बघत फिरेल. काचेचा टीपॉय असेल तर तो आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवा.